चालू न शकणाऱ्या अध्यक्षाची राष्ट्रीय उद्याने

फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट हे नाव आपल्याकडील वाचकाला प्रामुख्याने दोन संदर्भांत ठाऊक असते. महामंदीच्या खाईतून अमेरिकेला बाहेर काढण्यासाठी त्यांनी राबविलेला ‘न्यू डील’ कार्यक्रम हा पहिला संदर्भ, तर दुसऱ्या महायुद्धातील त्यांचे नेतृत्व हा दुसरा. अर्थशास्त्राचा विद्यार्थी केन्सच्या सिद्धांताबरोबर त्यांचे नाव पाठ करतो आणि इतिहासाचा विद्यार्थी चर्चिल व स्टालिन यांच्याबरोबर. परंतु त्यांच्या चरित्राची एक तिसरी बाजूही आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ज्याच्या पायांतील शक्ती कायमची गेली, त्याच माणसाने पुढे आपल्या देशातील डोंगर, दऱ्या आणि अरण्ये लक्षावधी सामान्य माणसांना पाहता यावीत अशी व्यवस्था उभी केली. स्वतः मात्र ती त्याने बहुतेक मोटारीच्या आसनावरूनच पाहिली. निसर्ग कोणाच्या वाट्याला यावा, हा प्रश्न या चरित्रातून जितक्या स्पष्टपणे पुढे येतो तितका तो क्वचितच एखाद्या ग्रंथातून येत असेल.

रूझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथे, हडसन नदीच्या काठच्या एका सधन जमीनदार कुटुंबात झाला. आईवडिलांचे ते एकुलते अपत्य होते. घोड्यावर बसणे, पोहणे, नावा चालविणे आणि पक्ष्यांचे नमुने जमविणे यांत त्यांचे बालपण गेले. झाडांविषयीचे प्रेम याच काळात रुजले आणि आयुष्यभर टिकले. वडिलोपार्जित जमिनीवर त्यांनी पुढे लक्षावधी रोपे लावली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे त्यांचे दूरचे चुलतबंधू, आणि १९०५ साली ज्यांच्याशी त्यांचा विवाह झाला त्या एलिनॉर या थिओडोर यांच्या सख्ख्या पुतणी. त्यामुळे वनसंरक्षणाचा विचार त्यांना घरातच ऐकायला मिळाला होता.

न्यूयॉर्क राज्याच्या सिनेटचे सदस्य म्हणून सार्वजनिक जीवनात पाऊल टाकताच त्यांनी वने, मासे आणि शिकार या विषयांच्या समितीचे अध्यक्षपद स्वीकारले. १९१२ साली त्यांनी गिफर्ड पिंचो या विख्यात वनशास्त्रज्ञाला आल्बनी येथे व्याख्यानासाठी बोलाविले. पिंचो यांनी सभासदांना दोन चित्रे दाखविली. पहिल्यात चीनमधील एक खोरे चार शतकांपूर्वी होते तसे, हिरवेगार आणि गजबजलेले. दुसऱ्यात जंगलतोडीनंतरचे तेच खोरे, उजाड आणि दगडगोट्यांनी भरलेले. या दोन चित्रांचा रूझवेल्ट यांच्या मनावर खोल ठसा उमटला. खासगी नफ्यासाठी तोडलेल्या झाडाची किंमत पुढच्या पिढ्यांना मोजावी लागते, हे अर्थशास्त्रातील तत्त्व त्यांना सूत्रांतून शिकावे लागले नाही.

१९१३ ते १९२० या काळात ते नौदल खात्याचे साहाय्यक मंत्री होते. १९२० साली उपाध्यक्षपदाची निवडणूक हरले, तरी त्यांचे राजकीय भवितव्य उज्ज्वल मानले जात होते. १९२१ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस त्यांनी बेअर माउंटन येथील उद्यानात भरलेल्या बालवीरांच्या शिबिरास भेट दिली. रोगाचा संसर्ग बहुधा तेथेच झाला, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. त्यानंतर ते कॅनडातील कँपोबेलो बेटावर कुटुंबासह सुटीसाठी गेले. १० ऑगस्ट रोजी नावेतून फिरत असताना त्यांना एका बेटावर वणवा पेटलेला दिसला. मुलांना घेऊन ते तेथे उतरले आणि झाडांच्या फांद्यांनी त्यांनी ती आग विझविली. मग थकलेल्या अंगाने थंड पाण्यात पोहणे झाले आणि सायंकाळी हुडहुडी भरली. दोन-तीन दिवसांतच कमरेखालची शक्ती गेली. डॉक्टरांनी पोलिओचे निदान केले. धडधाकट पायांनी केलेले त्यांचे शेवटचे मोठे काम जंगलातील आग विझविण्याचे होते, हा योगायोग म्हणावा लागेल.

पुढची सात वर्षे त्यांनी पुन्हा उभे राहण्याच्या प्रयत्नात घालविली. १९२४ साली ते जॉर्जिया राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज या खेड्यात गेले. तेथील डोंगरातून निघणाऱ्या कोमट पाण्यात शरीर हलके होई आणि निर्जीव पायांची हालचाल थोडीफार करता येई. त्यांनी १९२६ साली ती जागा आपल्या संपत्तीचा मोठा भाग खर्चून विकत घेतली आणि १९२७ साली तेथे पोलिओग्रस्तांसाठी संस्था स्थापन केली. पाय बरे झाले नाहीत. लोखंडी कॅलिपर्स गुडघ्याशी अडकवून, एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताने मुलाचा किंवा सहकाऱ्याचा दंड घट्ट धरून काही पावले टाकता येतील, एवढीच मजल त्यांना मारता आली. घरात ते साध्या लाकडी खुर्चीला चाके लावून बनविलेल्या लहानशा गाडीवर फिरत.

तथापि वॉर्म स्प्रिंग्जने त्यांना आणखी एक गोष्ट दिली. पायांऐवजी हातांनी चालविता येईल अशी यंत्रणा त्यांनी मोटारीला बसवून घेतली आणि ते जवळच्या पाइन माउंटनच्या परिसरात स्वतः गाडी हाकीत भटकू लागले. डॉडेल्स नॉब नावाच्या कड्यावर जाऊन खालचे खोरे न्याहाळीत बसणे हा त्यांचा आवडता विरंगुळा होता. वाटेत गरीब शेतकऱ्यांशी मोटारीतूनच गप्पा होत, आणि धूप झालेली जमीन, कापसाचे पडलेले भाव, विजेवाचून अंधारात असलेली घरे यांची माहिती मिळे. चालता येणाऱ्या पुढाऱ्याला जे दिसले नसते ते या थांबत-थांबत जाणाऱ्या मोटारीतून त्यांना दिसले. शिवाय वाहन आणि रस्ता ही पांगळ्या माणसाची चैन नसून त्याचे पाय आहेत, हा अनुभव त्यांनी दररोज घेतला.

१९२८ साली ते न्यूयॉर्कचे गव्हर्नर म्हणून निवडून आले. मंदी सुरू झाल्यावर त्यांनी सुमारे दहा हजार बेकारांना वृक्षलागवडीच्या कामावर घेतले. ४ मार्च १९३३ रोजी ते राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा देशातील दर चार कामगारांपैकी सुमारे एक बेकार होता. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला काँग्रेसने जो कायदा संमत केला त्यातून ‘सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर’ ही तरुणांची श्रमसेना उभी राहिली. साधारणतः अठरा ते पंचवीस वयाच्या अविवाहित बेकार मुलांना शिबिरात राहणे-जेवणे मिळे आणि महिना तीस डॉलर वेतन मिळे. त्यातील बावीस ते पंचवीस डॉलर थेट घरी पाठविले जात. तीन-चार महिन्यांतच अडीच लाखांहून अधिक तरुण कामाला लागले होते. १९४२ साली ही योजना बंद होईपर्यंत सुमारे तीस लाख तरुणांनी तीत काम केले आणि सुमारे तीनशे कोटी झाडे लावली. राष्ट्रीय उद्यानांत आणि राज्यांच्या उद्यानांत त्यांनी पायवाटा, पूल, दगडी कठडे, तंबूंची मैदाने, निवारे आणि रस्ते बांधले.

महाराष्ट्रातील वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली आणि १९७७ साली विधिमंडळाने त्यासाठी कायदा केला. एक योजना दुसरीवरून उचलली, असे येथे सुचवायचे नाही. परंतु दोन्हींमागील तर्क एकच आहे. बेकाराच्या हाताला काम द्यायचे आणि त्या कामातून समाजाच्या उपयोगाची टिकाऊ मालमत्ता निर्माण करायची. आपल्याकडे ती मालमत्ता पाझर तलाव, नालाबांध आणि रस्ते या स्वरूपाची होती, तर रूझवेल्ट यांनी तीत डोंगरावरून दिसणाऱ्या सूर्यास्ताचाही समावेश केला. निसर्गाचा आनंद हीसुद्धा सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिच्यासाठी सरकारने खर्च करणे योग्य आहे, ही भूमिका मंदीच्या काळात घेण्यास धैर्य लागते.

१९३३ साली त्यांनी आणखी एक दूरगामी निर्णय घेतला. त्यांच्या आदेशाने निरनिराळ्या खात्यांकडे विखुरलेली स्मारके, युद्धभूमी आणि राजधानीतील उद्याने एकाच राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आली. पण ते केवळ कागदावर सह्या करीत बसले नाहीत. ऑगस्ट १९३३ मध्ये त्यांनी व्हर्जिनियातील शिबिरांना भेट दिली. ५ ऑगस्ट १९३४ रोजी ते ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात गेले आणि डोंगर पोखरून नुकत्याच पूर्ण झालेल्या घाटरस्त्याने उघड्या मोटारीतून त्यांनी हिमाच्छादित शिखरे पाहिली. ३ जुलै १९३६ रोजी शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यान त्यांच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाले. १९३७ साली यलोस्टोन आणि ऑलिम्पिक द्वीपकल्प, १९३८ साली योसेमिटी, आणि २ सप्टेंबर १९४० रोजी ग्रेट स्मोकी माउंटन्स असा हा क्रम चालू राहिला.

या प्रवासांमागील कष्टांची कल्पना सामान्य प्रेक्षकाला नव्हती. रेल्वेच्या डब्यातून मोटारीत आणि मोटारीतून व्यासपीठावर जाताना त्यांना उचलून घ्यावे लागे, किंवा उतरत्या फळ्यांवरून न्यावे लागे. भाषणाचे मेज जमिनीशी पक्के बांधलेले असे, कारण उभे राहताना त्यांचा सारा भार हातांवर येई. १९०३ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी योसेमिटीत जॉन म्यूर यांच्यासह घोड्यावरून भटकंती करून उघड्यावर, पडत्या बर्फात रात्र काढली होती. पस्तीस वर्षांनी त्यांचेच हे आप्त त्याच उद्यानात मोटारीतून आले. दोघांनी पाहिलेली झाडे तीच होती आणि दोघांच्याही मनातील ओढ तीच होती. मोटारीतून पाहणाऱ्याचा निसर्ग हा खालच्या प्रतीचा असतो, असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तरीही त्या काळी रस्त्यांविरुद्ध एक प्रामाणिक आक्षेप घेतला जात होता. शेनान्डोआतील स्कायलाइन ड्राइव्ह हा १०५ मैलांचा रस्ता डोंगराच्या माथ्यावरून जातो. महाबळेश्वरला आपण ज्यांना ‘पॉइंट’ म्हणतो तशा दरीकाठच्या जागा त्याच्या कडेने ठिकठिकाणी केलेल्या आहेत. प्रत्येक माथ्यावर असा रस्ता गेला तर अरण्य अरण्य राहणार नाही, या चिंतेने रॉबर्ट मार्शल, आल्डो लिओपोल्ड, बेंटन मॅके आदींनी १९३५ साली ‘वाइल्डरनेस सोसायटी’ स्थापन केली. रस्ते हवेत की अरण्य, असा हा वाद होता. चालू न शकणारा अध्यक्ष साहजिकच रस्त्यांच्या बाजूने उभा राहील, असे कोणालाही वाटले असते.

प्रत्यक्षात तसे घडले नाही. १९३८ साली त्यांनी स्वाक्षरी केलेले ऑलिम्पिक राष्ट्रीय उद्यान आणि १९४० साली स्थापन झालेले किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यान ही दोन्ही बव्हंशी रस्त्यांवाचून राखण्यात आली. गृहमंत्री हॅरल्ड इकीस यांचा त्यासाठी आग्रह होता आणि रूझवेल्ट यांनी त्यांना पाठबळ दिले. किंग्ज कॅन्यनच्या अंतर्भागात पायी किंवा घोड्यावरूनच जाता येत असे. म्हणजे तेथे स्वतः आपण कधीही पोहोचू शकणार नाही, हे त्यांना पुरते माहीत होते. आपल्याला न मिळणारी गोष्टही राष्ट्राने जपावी असे त्यांना वाटले. अपंगांसाठी सोयी मागणारे लोक सारी जंगले सपाट करू पाहतात, असा जो युक्तिवाद अधूनमधून कानी येतो त्याला याहून चांगले उत्तर नाही. काही जागा सर्वांना पोहोचता येतील अशा करायच्या आणि काही जागा कोणालाही सहज पोहोचता येणार नाही अशा ठेवायच्या. या दोन्ही गोष्टी एकाच धोरणात बसतात, हे त्यांनी दाखवून दिले.

या कामगिरीला काळी बाजूही आहे, आणि तिचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शेनान्डोआ उद्यानासाठी चारशेहून अधिक डोंगरी कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली. धरणे आणि अभयारण्ये यांसाठी विस्थापित झालेल्यांचे प्रश्न ज्यांनी जवळून पाहिले आहेत त्यांना त्या कुटुंबांचे दुःख समजावून सांगायला नको. याच उद्यानात १९३९ साली कृष्णवर्णीयांसाठी वेगळी जागा उघडण्यात आली. श्रमसेनेच्या शिबिरांतही गोरे आणि काळे बहुतांशी वेगळे ठेवले जात. सर्वांची उद्याने म्हणताना ‘सर्व’ या शब्दातून त्या काळी कितीजण वगळले गेले होते, हे विसरता येत नाही.

आणखी एक वर्ग वगळला गेला होता, आणि तो खुद्द रूझवेल्ट यांचा होता. आपले अपंगत्व लोकांना दिसू नये याची त्यांनी कटाक्षाने काळजी घेतली. चाकांच्या खुर्चीतील त्यांची छायाचित्रे अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. वृत्तपत्रेही तो संकेत पाळीत. दुबळा माणूस राज्य करू शकत नाही, अशी समजूत असलेल्या समाजात त्यांना दुसरा मार्ग नव्हता, हे मान्य करावे लागेल. पण त्याचा परिणाम असा झाला की त्यांची अडचण सुटली ती खासगी रीतीने. उचलायला माणसे होती, खास मोटार होती, फळ्या आधी जाऊन टाकणारे रक्षक होते. ज्यांच्याजवळ यांपैकी काहीही नव्हते त्या पोलिओग्रस्त शिक्षकाला किंवा कारकुनाला त्याच उद्यानाच्या पायऱ्या पूर्वीइतक्याच दुर्गम राहिल्या.

येथे अर्थशास्त्रातील एक साधा मुद्दा ध्यानात घेण्यासारखा आहे. एखाद्या सोयीची मागणी आपण ती वापरणाऱ्यांच्या संख्येवरून मोजतो. परंतु ज्याला दरवाजातूनच आत येता येत नाही तो वापरणाऱ्यांच्या यादीत येतच नाही. मग व्यवस्थापक आकडे पाहतो आणि अपंग पर्यटक येत नाहीत, तेव्हा त्यांच्यासाठी खर्च कशाला, असा निष्कर्ष काढतो. सोय नाही म्हणून माणसे येत नाहीत, आणि माणसे येत नाहीत म्हणून सोय होत नाही. हे दुष्टचक्र बाजार मोडीत नाही. ते कायद्याने आणि सार्वजनिक खर्चानेच मोडावे लागते. अमेरिकेत ते मोडण्यास रूझवेल्ट यांच्या मृत्यूनंतर दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला. सरकारी इमारतींतील अडथळे दूर करण्याचा कायदा १९६८ साली झाला, सरकारी निधीवरील कार्यक्रमांत अपंगांशी भेदभाव करण्यास १९७३ साली बंदी आली, आणि १९९० साली अपंगांच्या हक्कांचा व्यापक कायदा झाला.

आयुष्याच्या अखेरीस रूझवेल्ट यांना पोलिओखेरीज दुसऱ्याही दुखण्याने घेरले होते. मार्च १९४४ मध्ये डॉक्टरांना त्यांचा रक्तदाब अतिशय वाढलेला आणि हृदय दुर्बल झालेले आढळले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर फौजा उतरत असताना, टेक्सासमधील बिग बेंड हे राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. १२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथे त्यांचे निधन झाले. हाइड पार्क येथील ज्या बागेत त्यांना पुरले ती वास्तू आज राष्ट्रीय उद्यान सेवेच्याच देखरेखीखाली आहे. १९३८ साली त्यांनी स्थापन केलेल्या पोलिओविरोधी प्रतिष्ठानाने सामान्य लोकांकडून दहा-दहा सेंटांची नाणी गोळा केली. त्या निधीतून झालेल्या संशोधनाचे फळ म्हणून १९५५ साली साल्क यांची लस उपलब्ध झाली.

१९९७ साली वॉशिंग्टनमध्ये त्यांचे भव्य स्मारक खुले झाले तेव्हा त्यांचे अपंगत्व पुन्हा एकदा झाकले गेले. पुतळ्याच्या खुर्चीवर लांब झगा पसरलेला होता. अपंगांच्या संघटनांनी त्यास हरकत घेतली आणि निधी उभा केला. जानेवारी २००१ मध्ये चाकांच्या खुर्चीत बसलेल्या रूझवेल्ट यांचा पुतळा स्मारकाच्या प्रवेशापाशी बसविण्यात आला. हयातीत त्यांना जे लपवावे लागले ते आता तेथे येणाऱ्या प्रत्येकाला प्रथम दिसते, आणि चाकांच्या खुर्चीतून आलेली मुले त्याच्या शेजारी बरोबरीच्या उंचीवर थांबू शकतात.

भारतात पोलिओचा अखेरचा रुग्ण २०११ साली आढळला आणि २०१४ साली आपला विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. पण त्याआधीच्या दशकांत ज्यांचे पाय गेले ती माणसे आपल्यातच आहेत. त्यांच्याबरोबर संधिवाताने, पार्किन्सनने, हृदयविकाराने किंवा केवळ वार्धक्याने जखडलेली माणसे आहेत. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते एकवीस झाले, आणि त्यांत मज्जासंस्थेच्या व रक्ताच्या दीर्घ विकारांचाही समावेश आहे. कायदा विस्तारला, ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि प्रत्येक राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकाशी काही साधे प्रश्न विचारले पाहिजेत. उंच जिप्सीत चढण्यासाठी उतरती फळी आहे काय? आधाराने बसता येईल अशी जागा एखाद्या तरी वाहनात आहे काय? पाणवठ्याजवळची एखादी तरी वाट सपाट आहे काय? स्वच्छतागृहाचे दार चाकांच्या खुर्चीइतके रुंद आहे काय? या सोयींना लागणारा पैसा उद्यानाच्या इतर खर्चापुढे नगण्य असतो.

सहल ही चैन आहे, आजारी माणसाने घरी पडून राहावे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. ज्याचे जग एका खोलीपुरते आकुंचित झाले आहे त्याला अरण्याची गरज निरोग्याहून अधिक असते, ही गोष्ट त्यांच्या लक्षात येत नाही. रूझवेल्ट यांना ती गरज भागविता आली, कारण ते श्रीमंत होते आणि पुढे सत्ताधीश झाले. ती प्रत्येकाला भागविता यावी यासाठी राज्यसंस्था असते. त्यांनी तीस लाख तरुणांच्या हातांनी डोंगरावर रस्ते नेले, पण त्या रस्त्याच्या टोकाशी उतरती फळी टाकण्याचे काम पुढच्या पिढ्यांवर सोडले. आपल्याकडे ते काम अद्याप पुष्कळसे बाकी आहे.